खोलीचं तपमान

मे महिना लागला की मी गोळ्यांची पाकिटं वाचायला लागते. रक्तदाबासाठी डॉक्टरांनी जी गोळी सुरू केली आहे तिच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलंय : तीस अंशांच्या आत, कोरड्या जागी ठेवा. धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या घरात मे महिन्यात अशी जागा एकच, फ्रिज. आणि तिथे पन्हं, दही, भिजवलेली डाळ आणि शेजारच्यांनी ठेवायला दिलेलं अर्धं टरबूज यांची आधीच रेटारेटी चाललेली असते. गोळी बापडी बाहेर राहते आणि तरीही काम करते. ज्यांनी ती सूचना छापली त्यांना धुळं कुठे आहे हे माहीत नसावं.

गोळीचं नाव स्पायरोनोलॅक्टोन. डॉक्टर ते झपकन लिहितात, दुकानदार त्याहून झपकन वाचतो. मी मात्र सुरुवातीच्या ‘स्पायरो’पाशी दरवेळी थबकते. ज्या घराशी कधीकाळी बिनसलं होतं तिथली लग्नपत्रिका यावी आणि ती उघडावी की नाही असं क्षणभर वाटावं, तसं.

रेणूंमध्ये अणूंची कडी असतात. बहुतेक ठिकाणी दोन कडी जोडली जातात ती शेजारच्या दोन घरांची एक भिंत सामाईक असावी तशी. स्पायरोमध्ये भिंत नाही. दोन्ही कड्यांत सामाईक असतो तो एकच अणू. सोनाराने दोन बांगड्या काटकोनात टेकवून एकाच ठिकाणी डाग देऊन जोडाव्यात, तसा आकार : एक बांगडी आडवी, एक उभी. असा रेणू चपटा पडत नाही, फारसा वळवळत नाही, आपला आकार धरून राहतो; आणि शरीरातल्या ज्या खाचेत औषधाने जाऊन बसायचं असतं तिथे असा ठाम आकाराचा रेणू नीट बसण्याची शक्यता बरी असते.

हे मी आता शांतपणे लिहू शकते. त्या उन्हाळ्यात मात्र स्पायरो म्हणजे माझ्यासाठी एकच गोष्ट होती. प्रमोदच्या शर्टाच्या खिशातून येणारा खुळखुळ आवाज.

ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं. प्रमोद आणि मी देवपुरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. तो जळगावच्या मारवाडी कापडदुकानदाराचा मुलगा. सगळं घर कापड मोजत असताना हा एकटाच परीक्षानळ्या धुवायला निघाला, म्हणून घरी त्याचं कौतुकही होतं आणि त्याच्याबद्दल थोडी काळजीही. माझ्याहून वर्षभराने लहान; पण पहिल्या दिवसापासून मला ‘अक्का’ म्हणायचा. आमच्याकडे अक्का म्हणणं म्हणजे मान देणं. पंचविशीतल्या बाईला हा मान नको असतो, पण परतही करता येत नाही.

आम्हा दोघांचे सर एकच, ते जळगावच्या कॉलेजात. शिक्षकांना पगारी रजेवर पीएच.डी.साठी सोडण्याची एक योजना तेव्हा होती आणि आमच्या कॉलेजच्या वाट्याला तिच्यातली एकच जागा आली होती. सर म्हणाले, ‘‘कॉलेज उघडायच्या आत ज्याच्या हातात चांगले पदार्थ असतील, त्याचं नाव मी बडोद्याला कळवीन.’’ जागा एक, उमेदवार दोन, मध्ये एक खानदेशी उन्हाळा. प्रमोदला ती जागा मिळाली तर तो बडोद्याला जाणार होता. मला मिळाली तर मी धुळ्यातून बाहेर पडणार होते, आणि आबांचं माझ्यासाठी स्थळं पाहणं तीन वर्षं थांबणार होतं. या दोन वाक्यांत बराच फरक आहे. तो सरांना दिसण्याचं कारण नव्हतं.

सरांना फळ्यापुढे उभं राहायला फार आवडायचं. समोर दोनच माणसं असली तरी सुरुवात ‘मित्रहो’ अशी. ‘‘स्पायरो बांधायच्या वाटा अनेक आहेत, मित्रहो. दोन्ही टोकांना हात असलेली साखळी घ्या आणि तिला एकाच कार्बनला मिठी मारायला लावा, झालं कडं. किंवा कड्याबाहेर डोकावणाऱ्या दुहेरी बंधावर दुसरं कडं आणून बसवा. आपली वाट तिसरी. कड्यातच बसलेला कीटोन घ्यायचा आणि त्याच्याच कार्बनवर दुसरं कडं उभं करायचं.’’ मग या पदार्थांनी फेफरं, जंतू, बुरशी, सूज यांवर काय काय होईल याची यादी. त्या काळी अशा प्रत्येक निबंधाची सुरुवात या यादीने होत असे. यादी वाचली की जगात आता आजारी पडायला काही उरलेलं नाही असं वाटायचं.

वाट तशी सोपी होती. कीटोन, एक अमाईन आणि मर्कॅप्टोअॅसिटिक आम्ल बेन्झिनमध्ये एकत्र उकळायचं. जोडणी होताना पाणी सुटतं, ते बाजूच्या नळीत थेंबाथेंबाने साठतं. हिशेबाचं पाणी साठलं की काम झालं. कीटोन आणि आम्ल आम्हा दोघांचं एकच. फरक फक्त अमाईनमध्ये.

‘‘प्रमोद, तुम्ही अॅनिलीन आणि त्याची भावंडं घ्या,’’ सर म्हणाले. ‘‘आणि मॅडम, तुम्ही लांब साखळीवाली. चार कार्बन, सहा, आठ, बारा. त्याला चिकाटी लागते. बायकांकडे ती असते.’’

ज्याने कधी प्रयोगशाळेत हात घातला आहे त्याला यातली गोम लगेच कळेल. अॅनिलीनच्या घराण्यातले पदार्थ गोठायला उतावीळ असतात. बेन्झिन उडवून टाका, अल्कोहोल घाला, चंबू जरा बाजूला ठेवा, की पांढऱ्या सुया. लांब शेपटीवाल्यांचं तसं नाही. शेपट्या एकमेकींत गुंततात, पदार्थ रांगेत बसत नाही. हाती येतं ते तेल. आणि सरांचा दंडक ठरलेला होता : ज्याला वितळणांक नाही, म्हणजे जो ठरावीक अंशाला वितळावा इतका घट्टच होत नाही, तो पदार्थच नाही. तेल हातात असणं म्हणजे हात धुऊन घरी जाणं.

मे उजाडला. पांझरेत पाणी नव्हतं, म्हणून नळाला नव्हतं, म्हणून वाफ थंड करणाऱ्या आमच्या कंडेन्सरला नव्हतं. प्रयोगशाळेतले भिका नाना गच्चीवरच्या पिंपात बादल्या ओतायचे आणि तिथून रबरी नळीने ते पाणी आमच्यापर्यंत यायचं, येताना गरम होऊन. ईथरची बाटली उघडायची नाही असा अलिखित नियम; ईथर पस्तिसाला उकळतं आणि आमची खोली दुपारी बेचाळिसाला असायची. पुस्तकांत लिहिलेलं असे, ‘मिश्रण रात्रभर खोलीच्या तपमानाला ठेवावे.’ कुणाच्या खोलीच्या, हे लिहिलेलं नसे.

आणि वास. मर्कॅप्टोअॅसिटिक आम्लाचा वास ज्याने घेतला नाही तो सुखी. नाना नाकाला उपरणं लावून दारातूनच ओरडायचे, ‘‘मॅडम, बठ्ठा कॉलेजमा वास शे! प्रिन्सिपल साहेब इचारी ऱ्हायनात, कोन मरी गयं म्हनीसन.’’

‘‘अजून कोणी नाही म्हणावं,’’ मी सांगायची.

‘‘अक्का वाट बघताहेत, नाना,’’ प्रमोद कोपऱ्यातून म्हणायचा, ‘‘मी मरायची.’’

तो हे हसत म्हणायचा. मीही हसायची. हसता हसता माझं लक्ष त्याच्या चंबूकडे असे. आत सकाळी नारिंगी-पिवळं पाणी होतं. आता तळाशी कापूस पिंजून ठेवावा तशा सुया. तो त्या गाळायचा, थंड अल्कोहोलने धुवायचा, वाळवायचा आणि छोट्या काचनळीत भरून कानाशी हलवायचा. खुळखुळ. माझ्या कुप्या कितीही हलवल्या तरी आवाज नाही. आतलं तेल मधासारखं एका बाजूने दुसऱ्या बाजूला आळसावून सरकायचं. बर्फात ठेवलं तर काचेसारखं घट्ट व्हायचं आणि बाहेर काढलं की पुन्हा पहिल्यासारखं.

हेवा पांढऱ्या रंगाचा असतो हे मला त्या मे महिन्यात कळलं. संध्याकाळी घरी यावं तर गच्चीभर आईने घातलेले बिबडे, कुरडया, पापड. सगळं जग वाळत होतं, कडक होत होतं, टचकन मोडत होतं. शेजारच्या बाया विचारायच्या, ‘‘काय वं, तुनं काय चालू शे तठे?’’ मी सांगायची, औषधं करते. ‘‘मंग बरं शे, मना गुडघासाठे काही दखजो.’’ रात्री बाज टाकून झोपावं तर वरती निंबाचा मोहोर आणि डोक्यात सुया. मला प्रमोदचा हेवा वाटायचा. त्याच्या सुयांचा, त्याच्या झोपेचा, एवढंच नव्हे तर त्याच्या घामाचाही, कारण तो काम झाल्याचा घाम होता.

दर शनिवारी आम्ही एस.टी.ने जळगावला सरांकडे जायचो. पारोळ्याला गाडी थांबायची, तिथे उसाचा रस. रस्त्यात खड्डा आला की प्रमोदचा खिसा वाजायचा. त्यात सगळ्या नळ्या, चिठ्ठ्या लावून, उभ्या. तो खिडकीला डोकं टेकून गाढ झोपलेला आणि खिसा जागा. माझ्या कुप्या पिशवीत, फडक्यात गुंडाळलेल्या; वास येऊ नये म्हणून त्यांच्यावर जेवणाचा डबा.

सर नळी उजेडाकडे धरायचे. ‘‘वा! मित्रहो, हे सौंदर्य.’’ मग माझी कुपी. ‘‘तेल?’’

‘‘तेल, सर.’’

‘‘चिकाटी, मॅडम.’’

शेवटी राहिली बारा कार्बनांची शेपटी. ते अमाईन खोबरेल तेलापासूनच करतात. बाटलीवर ‘घन’ असं लिहिलेलं. धुळ्यात पोचेपर्यंत तिचं पाणी झालेलं. मला तेव्हाच थांबून विचार करता आला असता. त्याऐवजी मी बाटली हलवून म्हटलं, बघा, मालसुद्धा नीट पाठवत नाहीत. पदार्थ केला. पाणी हिशेबाइतकं सुटलं, अगदी रेघेपर्यंत. धुतलं, बेन्झिन उडवलं. तेल. स्वच्छ, बिनरंगी, देखणं तेल. प्रमोद शेजारी येऊन उभा राहिला.

‘‘अक्का, पाणी पूर्ण आलं होतं?’’

‘‘पूर्ण.’’

‘‘मग झालंय हो. पदार्थ झालाय.’’

‘‘तुझ्या खिशात वाजतो तो पदार्थ,’’ मी म्हटलं. ‘‘हे डोक्याला लावायचं.’’

जूनमध्ये प्रमोदचं नाव गेलं. जायच्या दिवशी त्याच्या वडिलांनी विभागात जिलबी आणि फाफडा पाठवला. त्याने वाकून मला नमस्कार केला. अक्का ना मी. तो खरंच भला होता. तीच मोठी अडचण. वाईट माणसाचा हेवा करायला फार सोपं जातं.

वासामुळे प्राचार्यांनी माझ्या कुप्या विभागातून हलवायला सांगितल्या. बाकीच्या टाकल्या. बारावाली घरी नेली आणि अंगणातल्या कोनाड्यात ठेवली, खोबरेल तेलाच्या बाटलीशेजारी. का, ते सांगता येत नाही. पाणी रेघेपर्यंत आलं होतं म्हणून असेल.

धुळ्याचा मे ज्यांना माहीत असतो त्यांना धुळ्याचा डिसेंबर बहुधा माहीत नसतो. त्या वर्षी थंडी अशी होती की सकाळी बादलीतल्या पाण्यात हात घालवत नव्हता. रविवार, न्हाण्याचा दिवस. खानदेशातल्या कुठल्याही घरात हिवाळ्यात पहिलं काम कोणतं, तर गोठलेली तेलाची बाटली उन्हात ठेवणं. मी जन्मापासून ते करत आले आहे. कोनाड्यात हात घातला, बाटली काढली, भिंतीवर उन्हात ठेवली. आबा शेकोटीपाशी कांबळं घेऊन बसले होते. ते म्हणाले, ‘‘दख वं माय, तुनी ती दुसरी बाटलीमाधलं तेल बी गोठी गयं. ती बी ठेव उनमा.’’

‘‘ते तेल नाही, आबा,’’ मी सवयीने म्हटलं. आणि मग मला माझंच बोलणं ऐकू आलं.

कुपीत सुया होत्या. तळापासून बुचापर्यंत, एका बिंदूतून फुटलेल्या, पांढऱ्या, कापसासारख्या. मी ती उन्हाकडे पाठ करून धरली आणि कानाशी हलवली. एकच टक् आवाज आला. सगळा उन्हाळा मी दुसऱ्याच्या खिशातला ऐकला, त्याच जातीचा.

सोमवारी कॉलेजात बारीक केशनळीत भरून वितळणांक काढला. छत्तिसाला वितळू लागला आणि सदतिसाच्या आत संपला; शुद्ध पदार्थ वितळतो तसा. म्हणजे मे महिन्यात काम झालेलं होतं. चुकली होती ती खोली. ज्या खोलीत दुपारी बेचाळीस, तिथे छत्तिसाला वितळणारा पदार्थ घट्ट होण्याची मी वाट पाहत बसले होते; आणि रात्री जरा उतरलं तरी अशी लांब शेपटीवाली गोठायला वेळ घेतात, तेवढा वेळ आमचा मे देत नाही. दर हिवाळ्यात उन्हात बाटली ठेवणाऱ्या बाईला हे सुचू नये, याचं मला आजही नवल वाटतं.

मंगळवारी रजा टाकून जळगावची पहिली गाडी धरली. पिशवीत ठेवायचा धीर झाला नाही. कुपी मुठीत, मूठ शालीत, शाल छातीशी. पारोळ्याला उतरलेसुद्धा नाही. सरांच्या विभागात पोचले तेव्हा दारावर झेंडूची तोरणं. प्रमोदचा पहिला शोधनिबंध छापून आला होता, त्याचा दुपारी सत्कार. सर शाल कोणाच्या हस्ते आणि नारळ कोणाच्या हस्ते याची वाटणी करत होते. नारळ कमी मानाचा, त्यामुळे एक उपप्राचार्य फुगले होते.

‘‘सर, घट्ट झालं.’’ मी मूठ उघडली.

कुपीत तेल होतं. माणसाचं अंग सदतीस अंश असतं. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईचंही.

सरांनी कुपी उजेडाकडे धरली, तिरपी केली, तेल सरकलं. ‘‘अजून तेलच, मॅडम?’’

‘‘सकाळी घट्ट होतं, सर.’’

‘‘सकाळी तर खोबरेलही गोठतं,’’ सर म्हणाले, आणि तिथली मंडळी हसली. ‘‘बसा ना. सत्काराला थांबा. प्रमोदला बरं वाटेल.’’

टेबलावर कुपी ठेवून मी तासभर बसले असते तर ती त्यांच्या डोळ्यांदेखत गोठली असती. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण त्या तासात प्रमोद येणार, शाल पांघरणार, वाकून मला नमस्कार करणार, आणि टेबलावरची कुपी बघून म्हणणार, ‘मी म्हटलं नव्हतं, अक्का, झालंय म्हणून?’ ते मला ऐकायचं नव्हतं. मी परत निघाले. या वेळी कुपी वरच्या फळीवर, पिशवीत. पारोळ्याच्या पुढे ऊन उतरलं, खिडकीतून गार वारा आला, आणि कुठल्याशा खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा वरून आवाज आला. टक्.

पुन्हा जाता आलं असतं. थर्मासमध्ये बर्फ घालून जाता आलं असतं. पदार्थाची ओळख पटवणारा वर्णपट काढायला कुणाच्या हाती पाठवता आलं असतं. का नाही केलं, याची मी स्वतःला बरीच कारणं दिली. त्यांतली काही चांगली आहेत. जागा गेलेली होती, आईला बरं नव्हतं, पुढल्या वर्षी माझं धुळ्यातच लग्न झालं. पण यांतल्या कुठल्याच कारणापाशी मन थांबत नाही. प्रमोदकडे सगळं होतं; हे एक नव्हतं. ते देऊन टाकायला मी तयार नव्हते.

काही वर्षांनी त्याच्या प्रबंधाची प्रत आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात आली. लाल रेक्झिन, सोनेरी अक्षरं, आतल्या पानावर सरांचे आभार, माझेही. सरांच्या सांगण्यावरून त्याने बडोद्यात लांब साखळ्याही केल्या होत्या. तक्त्यात ओळीने वितळणांक : एकशे बेचाळीस, एकशे साठ, एकशे अठ्ठावीस. आणि बारा कार्बनांपुढे, एकच शब्द. तेल.

बडोद्यालाही मे महिना असतो.

मी ते पान इतक्यांदा उघडून पाहिलं आहे की प्रबंध आता तिथेच आपोआप उघडतो. ग्रंथालयातल्या शिपायाला वाटायचं, मॅडमचा अभ्यास फार.

मागच्या मे महिन्यात प्रमोद येऊन गेला. मोठ्या औषध कंपनीत मोठ्या पदावरून निवृत्त, आता कुठे कुठे सल्लागार. स्पायरो कड्यांना सध्या चांगले दिवस आहेत म्हणे. चपट्या रेणूंना सगळे कंटाळलेत. जळगावला त्याचा सत्कार होता, तिथून मुद्दाम धुळ्याला आला. पोट नाही, केस आहेत, एकही गोळी चालू नाही. हे त्याने मी न विचारता सांगितलं. कूलरसमोर बसून त्याने पन्ह्याचे दोन पेले घेतले आणि उठून घर बघत हिंडला. कुपी माझ्याबरोबर या घरी आली होती; तिच्या कोनाड्यापाशी थांबला.

‘‘अक्का! ही ती बारावाली?’’

‘‘तीच.’’

त्याने कुपी उचलली, जुन्या सवयीने कानाशी नेली, हलवली. आवाज नाही. उजेडाकडे धरली. स्वच्छ, बिनरंगी.

‘‘इतक्या वर्षांनीसुद्धा तेलच,’’ तो म्हणाला. ‘‘माझंही तेलच आलं होतं. हा पदार्थ गोठतच नाही हो.’’

कूलरच्या पाण्यात वाळ्याचा वास होता. बाहेर त्रेचाळीस असावं, आत एकोणचाळीस. मी त्याच्या हातातून कुपी घेतली आणि खोबरेलशेजारी नीट ठेवली.

‘‘एकदा थंडीत ये की इकडे,’’ मी म्हटलं.

‘‘थंडीत काय विशेष, अक्का?’’

‘‘भरीत,’’ मी म्हटलं.